एकच गुडघेदुखी, मग पाय वेगवेगळ्या दिशांना का वाकतात?

निपाणीहून आलेला आपला प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. आईचे वय ६४ असून त्यांनी आयुष्यभर विड्या वळल्या आहेत. त्यांचा डावा पाय गेल्या काही वर्षांत गुडघ्यातून बाहेरच्या बाजूला वाकत चालला आहे, उजवा त्यामानाने सरळ आहे. खानापूरकडे दिलेल्या थोरल्या मावशीचे गुडघे मात्र आत वळलेले असून चालताना एकमेकांना घासतात. दोघींनाही गुडघ्याचा ऑस्टिओआर्थ्रायटिस, म्हणजे झिजेचा संधिवात असल्याचे सांगितले आहे. आईसाठी आपण निपाणी, कोल्हापूर आणि बेळगाव अशा तीन ठिकाणी दाखवले, आणि डाव्या पायाचा वाक एका कागदावर ३ अंश, दुसऱ्यावर ६ अंश, तर तिसऱ्यावर १६८ अंश असा लिहून आला. एकाच आजारात दोन बहिणींचे पाय उलट दिशांना कसे गेले, या तीन आकड्यांपैकी खरा कोणता, आणि शस्त्रक्रिया केलीच तर पाय अगदी सरळ करून घ्यावा का, असे आपण विचारले आहे.

उत्तराचा गाभा असा की बाहेरून दिसणारा पायाचा वाक ही एक गोष्ट नसून तीन गोष्टींची बेरीज असते: हाडांची मूळ घडण, कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचे गुळगुळीत आवरण, झिजल्यामुळे कमी झालेली जागा आणि सैल पडलेले अस्थिबंध, म्हणजे हाडांना एकमेकांशी बांधणाऱ्या पट्ट्या. झिजेच्या संधिवाताच्या रुग्णांत या तिघांचे प्रमाण माणसागणिक वेगळे असते, आणि पुष्कळदा एकाच माणसाच्या दोन पायांतही वेगळे असते. म्हणून वाक किती आहे एवढे कळून उपचार ठरत नाही. त्यातला कोणता वाटा कशाचा आहे हे आधी शोधावे लागते.

आता आकड्यांकडे येतो, कारण आपल्या मनातला सर्वांत मोठा गोंधळ तिथे आहे. पायाची दिशा मोजण्याच्या दोन रीती रूढ आहेत. पहिल्या रीतीत खुब्याच्या गोळ्याच्या मध्यापासून गुडघ्याच्या मध्यापर्यंत एक रेषा आणि तिथून घोट्याच्या मध्यापर्यंत दुसरी रेषा काढतात. या दोन रेषांमधला आतल्या बाजूने मोजलेला कोन १८० अंश असेल तर पाय भाराच्या दृष्टीने सरळ, त्याहून कमी असेल तर गुडघा बाहेर गेलेला, म्हणजे व्हॅरस, आणि जास्त असेल तर आत गेलेला, म्हणजे व्हॅल्गस. दुसऱ्या रीतीत खुबा फिल्मवर येतच नाही. गुडघ्याच्या आखूड एक्स-रेवर मांडीच्या हाडाच्या दांड्याची आणि नडगीच्या दांड्याची दिशा घेऊन त्यांच्यातला कोन मोजतात. मांडीचे हाड खुब्यापाशी बाजूला वळलेले असल्यामुळे त्याचा दांडा भाररेषेशी, म्हणजे खुब्याच्या मध्यापासून घोट्याच्या मध्याकडे जाणाऱ्या रेषेशी, साधारण ५ ते ७ अंशांचा कोन करतो. परिणामी निरोगी, सरळ पायसुद्धा दुसऱ्या रीतीने मोजला तर सुमारे ६ अंश व्हॅल्गस भरतो.

हे लक्षात घेतले की आपल्या कागदांमधला विरोध बराचसा मिटतो. उभ्याने काढलेल्या आखूड फिल्मवरचे ६ अंश व्हॅरस म्हणजे सामान्य स्थितीपासून १२ अंशांचा फरक, आणि पूर्ण पायाच्या फिल्मवरचा १६८ हा आकडाही १८० पासून १२ अंशच दूर आहे. म्हणजे ही दोन मापे एकच गोष्ट सांगतात. ३ अंशांचे माप ज्या आखूड फिल्मवरून घेतले ती आपल्या वर्णनानुसार आईंना टेबलावर झोपवून काढली होती. झोपल्यावर गुडघ्यावर शरीराचा भार नसतो, सैल सांधा मिटत नाही आणि वाक कमी दिसतो. त्या फिल्मचा म्हणून एक उपयोग आहे: उभे राहिल्यावर जे ३ अंश वाढले, ते भाराखाली सांध्याने दिलेले आहेत, हाडातले नाहीत. मात्र शस्त्रक्रियेचा विचार असेल तर झोपून काढलेल्या फिल्मवर निर्णय घेऊ नये. दोन्ही पायांवर सारखा भार देऊन, गुडघ्याची वाटी समोर येईल अशा रीतीने उभे करून, खुब्यापासून घोट्यापर्यंत काढलेली लांब फिल्म हाच आधार धरावा. वाटी समोर असण्याचा आग्रह मी मुद्दाम धरतो. गुडघा पूर्ण सरळ होत नसेल आणि त्याच वेळी पाय बाहेर फिरवून उभे केले असेल, तर पुढचा वाक बाजूच्या वाकासारखा दिसू लागतो आणि आकडा काही अंशांनी चुकतो. आपल्याकडच्या पुष्कळ रुग्णांचे गुडघे इथवर येईपर्यंत १० अंश तरी आखडलेले असतात, त्यामुळे ही चूक वाटते त्यापेक्षा जास्त वेळा होते.

आता त्या १२ अंशांची फोड करू. सर्वसामान्य समजूत अशी असते की तरुणपणी सगळ्यांचे पाय सरळ असतात आणि संधिवात त्यांना वाकडे करतो. ही समजूत अर्धीच खरी आहे. मूल चालू लागते तेव्हा त्याचे पाय बाहेर वाकलेले असतात, दोन वर्षांच्या सुमारास सरळ होतात, तीन-चार वर्षांचे असताना गुडघे आत वळतात आणि सहा-सात वर्षांपर्यंत प्रौढ ठेवण येते. पण ही प्रौढ ठेवण सगळ्यांची १८० अंशांवर येऊन थांबते असे मुळीच नाही. बेल्जियममध्ये योहान बेलमान्स आणि सहकाऱ्यांनी २० ते २७ वयाच्या, गुडघ्याची कोणतीही तक्रार नसलेल्या २५० तरुण-तरुणींच्या पूर्ण पायांच्या फिल्म मोजल्या. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ३२ टक्के पुरुषांत आणि १७ टक्के स्त्रियांत ३ अंश किंवा त्याहून जास्त व्हॅरस मूळ घडणीतच आढळला. म्हणजे पूर्ण निरोगी माणसांतही चांगल्या मोठ्या गटासाठी बाहेर किंचित वाकलेला पाय हीच नैसर्गिक स्थिती असते.

मूळ घडण संधिवात झाल्यावरही ओळखता येते, कारण झीज सांध्याच्या पृष्ठभागावर होते आणि हाडांच्या दांड्यांची सांध्याशी असलेली दिशा फारशी बदलत नाही. त्यासाठी दोन कोन मोजतात. एक, नडगीच्या वरच्या पृष्ठभागाचा आतल्या बाजूचा कोन. दुसरा, मांडीच्या हाडाच्या खालच्या पृष्ठभागाचा बाहेरच्या बाजूचा कोन. दोन्ही साधारण ८५ ते ९० अंशांमध्ये, सरासरी ८७ च्या आसपास असतात. पहिल्यातून दुसरा वजा केला की झिजेपूर्वीचा पाय कसा असावा याचा बऱ्यापैकी विश्वासार्ह अंदाज येतो, आणि दोन्हींची बेरीज केली की सांध्याची रेषा जमिनीशी कशी तिरकी आहे ते कळते. सॅम मॅकडेसी आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये याच वजाबाकी-बेरजेवर आधारलेले गुडघ्यांचे नऊ प्रकार मांडले. ५०० निरोगी आणि ५०० संधिवाती गुडघ्यांची तुलना केल्यावर दोन्ही गटांत हे प्रकार जवळपास सारख्याच प्रमाणात विखुरलेले दिसले, हे त्यातले मला सर्वांत महत्त्वाचे वाटणारे निरीक्षण आहे. संधिवात एखाद्याच ठेवणीच्या लोकांना गाठतो असे नाही. तो सर्व ठेवणींच्या लोकांना होतो आणि मग प्रत्येकाच्या ठेवणीप्रमाणे पुढे जातो. आपल्या देशातल्या संधिवाती गुडघ्यांत मात्र पहिला प्रकार, म्हणजे मुळातच व्हॅरस आणि सांध्याची रेषा आत उतरलेली, हाच अधिक आढळतो, आणि सीमाभागातल्या माझ्या रुग्णांतही तेच चित्र आहे.

आईंच्या लांब फिल्मवर नडगीचा कोन ८४ आणि मांडीच्या हाडाचा ८८ लिहिला आहे. वजाबाकी उणे ४ येते. याचा अर्थ १२ पैकी ४ अंशांचा व्हॅरस त्यांच्या हाडांत तरुणपणापासून होता आणि उरलेले ८ अंश सांध्यातून आले, म्हणजे आतल्या बाजूची कूर्चा आणि मेनिस्कसची गादी गेल्यामुळे आणि बाहेरच्या बाजूचे अस्थिबंध ताणले गेल्यामुळे. या हिशेबाची पडताळणी करायला उजवा पाय आहे. त्याचा कोन १७५ आणि हाडांची मापे तीच असल्याने तिथे मूळ घडणीचे ४ आणि झिजेचा जेमतेम १ अंश भरतो. लग्नाच्या वेळी त्यांचे दोन्ही पाय बहुधा १७६ च्या आसपास होते, आणि तेव्हा ते कुणालाही वाकडे वाटले नसतील.

चालताना सरळ पायातही गुडघ्यावरचा साधारण ६० ते ७० टक्के भार आतल्या बाजूने जातो. पाय बाहेर वाकला की भाररेषा आणखी आत सरकते, आतली कूर्चा जास्त दाबली जाते, ती झिजल्याने पाय आणखी वाकतो आणि वाकल्याने भार आणखी वाढतो. लीना शर्मा यांच्या शिकागोच्या गटाने २००१ मध्ये हे मोजून दाखवले: आधीच संधिवात असलेल्या रुग्णांत व्हॅरस असेल तर १८ महिन्यांत आतल्या बाजूची झीज वाढण्याची शक्यता सुमारे चौपट, आणि व्हॅल्गस असेल तर बाहेरच्या बाजूची झीज वाढण्याची शक्यता जवळजवळ पाचपट होती. म्हणून ठेवण ही निव्वळ दिसण्याची बाब नव्हे. तरीही आकडा आणि दुखणे यांचा थेट हिशेब लावू नये. १७० अंशांच्या पायाने शेताच्या बांधावरून रोज ये-जा करणाऱ्या आज्जी मी पाहतो, आणि १७८ अंशांच्या पायाने रात्रभर झोप न लागणारे रुग्णही पाहतो. दुखणे हाडाच्या आतली सूज, सांध्याच्या आवरणाची सूज, स्नायूंची ताकद आणि वजन यांवरही अवलंबून असते.

विड्या वळल्यामुळे पाय वाकला का, हा आपल्या पत्रातला उपप्रश्न निपाणी-चिकोडी भागातल्या जवळजवळ प्रत्येक घरातून येतो. वाढ पूर्ण झालेल्या माणसाचे हाड मांडी घालून बसल्याने वाकत नाही. मात्र वर्षानुवर्षे उकिडवे बसणे, गुडघ्यांवर बसून काम करणे आणि ओझे उचलणे यांचा गुडघ्याच्या झिजेशी संबंध अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसून आला आहे. मांडीवर सूप घेऊन दिवसचे दिवस जमिनीवर बसणाऱ्या बाया, खानापूर भागात चिखलात वाकून भाताची रोप लावणी करणाऱ्या बाया आणि ऊसतोडीत मोळ्या डोक्यावर घेऊन फडातून चालणारे मजूर या सर्वांच्या गुडघ्यांवर असा ताण असतो. ज्याच्या हाडांत आधीच ४ अंश आहेत त्याला तो ताण लवकर आणि आतल्या बाजूलाच भोवतो. आईंना आता उंच पाटावर किंवा खुर्चीवर बसून काम करायला सांगा. झालेला वाक त्याने कमी होणार नाही, पण दुखणे आणि पुढची झीज या दोन्हींसाठी ते करण्यासारखे आहे.

मावशींची गोष्ट वेगळी आहे. गुडघे आत वळलेले संधिवाती रुग्ण आपल्याकडे तुलनेने कमी असतात, आणि म्हणूनच असा रुग्ण समोर आला की कारण शोधावे. काहींच्या मांडीच्या हाडाची बाहेरची गाठ मुळातच लहान असते. काहींना आमवात, म्हणजे रुमॅटॉइड आर्थ्रायटिस असतो आणि तो झिजेचा संधिवात समजून वर्षानुवर्षे वेदनाशामक गोळ्यांवर ठेवलेला असतो. बालपणी मुडदूस होऊन गेलेला असणे, बाहेरचा मेनिस्कस फाटलेला किंवा काढलेला असणे, खुबा आखडलेला असणे आणि तळव्याची कमान बसून पाऊल सपाट झालेले असणे ही आणखी कारणे. पाऊल आणि गुडघा यांत आधी कोण बिघडले हे नेहमी सांगता येत नाही, पण पाऊल तसेच सोडून गुडघ्याची शस्त्रक्रिया केली तर नव्या सांध्यावर पुन्हा तोच तिरका भार येतो. एक पाय बाहेर आणि दुसरा आत, असे एकाच दिशेला झुकलेले दोन्ही पायही काही रुग्णांत दिसतात. तेव्हा कंबर, खुबे आणि दोन्ही पायांची लांबी तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये. थोडक्यात, बहिणी असल्या तरी दोघींची हाडे आणि कारणे एक असलीच पाहिजेत असे नाही, आणि आईंसाठी ठरलेला उपचार मावशींना लावू नये. मावशींच्या बोटांचे सांधेही दुखत असतील आणि सकाळी तासभर आखडत असतील तर त्यांची आमवाताची रक्ततपासणी आधी करून घ्या.

तपासताना मी फिल्म पाहण्याआधी रुग्णाला चालायला लावतो. पाऊल टेकताच गुडघा झटक्याने बाहेर फेकला जात असेल, तर स्थिर फिल्मवरच्या आकड्यापेक्षा ही गोष्ट जास्त गंभीर मानावी. अशा गुडघ्यांची झीज वेगाने वाढते. नंतर झोपवून, गुडघा थोडा वाकवून, तो हाताने सरळ होतो का ते पाहतो. सरळ होत असेल तर आतले अस्थिबंध आखडलेले नाहीत आणि वाक मुख्यतः गेलेल्या कूर्चेचा आहे. होत नसेल तर हाडाचे वाढलेले कंगोरे आणि आखडलेले अस्थिबंध पाय धरून ठेवत आहेत. गुडघ्याच्या बाहेरचीही कारणे असतात: मोटारसायकलच्या अपघातात मोडलेली आणि तिरकी जुळलेली नडगी, किंवा मांडीच्या हाडाला असलेला बाहेरचा बाक. आणि फार वाकलेल्या पायात दुखणे अचानक वाढून ते सांध्याच्या खाली, नडगीवर एका जागी बोट ठेवता येईल असे दुखू लागले, तर ताणाने पडलेली हाडाची चीर असू शकते. तिथे चोळणे, मालिश करणे किंवा हाडवैद्याकडून ओढून घेणे धोक्याचे आहे.

उपचारांत आधी जे करायलाच हवे ते सांगतो. मांडीच्या पुढच्या आणि खुब्याच्या बाजूच्या स्नायूंचा नियमित व्यायाम आणि वजन कमी करणे यांनी कोन बदलत नाही, पण दुखणे आणि चालणे सुधारते. शरीराचे वजन १ किलो कमी झाले की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे ४ किलोंनी कमी होतो, हे मोजलेले आहे. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात, म्हणजे आईंनी उजव्या हातात धरावी. बहुतेक जण उलट धरतात. बाहेरची कड उंच केलेले तळवे चपलेत घालण्याचा सल्ला अजून दिला जातो, मात्र त्यांचा दुखण्यावर खात्रीलायक उपयोग दिसलेला नाही आणि अमेरिकेच्या अस्थिशल्यचिकित्सकांच्या संस्थेची मार्गदर्शिकाही ते सुचवत नाही, तेव्हा त्यावर पैसे घालू नयेत. गुडघ्यात वंगण भरण्याच्या इंजेक्शनांनी किंवा तेलांनी पाय सरळ होतो असे कुणी सांगितले तर विश्वास ठेवू नये.

शस्त्रक्रियेत फोड केलेला हिशेब कामाला येतो. वाक मुख्यतः नडगीच्या हाडात असेल, झीज आतल्याच बाजूला असेल, गुडघा चांगला वाकत असेल आणि वय चाळिशी-पन्नाशीत असेल, तर हाड कापून दिशा बदलण्याची शस्त्रक्रिया, ऑस्टिओटॉमी, उत्तम. त्यात भाररेषा मुद्दाम मध्याच्या किंचित बाहेर नेतात. हाडे जवळपास सरळ असतील, वाक हाताने सुटत असेल आणि आतले अस्थिबंध शाबूत असतील तर सांध्याचा अर्धाच भाग बदलता येतो. आईंच्या गुडघ्यात दोन्ही कारणे मिसळलेली आहेत आणि सांध्यातला वाटा ८ अंशांचा आहे. आतल्या बाजूला हाडाला हाड लागले असेल आणि व्यायाम, औषधे करूनही रोजचे चालणे अडत असेल, तर त्यांच्यासाठी संपूर्ण सांधा बदलणे हाच मला योग्य मार्ग वाटतो.

आता, पाय अगदी १८० वर आणावा का? अनेक दशके हेच ध्येय होते: दोन्ही हाडे भाररेषेला काटकोनात कापायची आणि पाय ३ अंशांच्या आत सरळ करायचा. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने २०१० मध्ये ३९८ गुडघ्यांचा १५ वर्षांचा हिशेब प्रसिद्ध केला, तेव्हा ३ अंशांच्या आत आणलेले सांधे त्या बाहेरच्या सांध्यांपेक्षा जास्त टिकले असे दिसले नाही. अमेरिकेतले अस्थिशल्यचिकित्सक स्टीफन हॉवेल यांनी २००६ पासून रुग्णाची मूळ ठेवण परत आणण्याची पद्धत पुढे नेली. या दोन पद्धतींच्या तुलनेत रुग्णाच्या समाधानात ठळक आणि सातत्याने दिसणारा फरक सिद्ध झालेला नाही, म्हणून कुणी एकाच पद्धतीची हमी देत असेल तर सावध राहावे. माझे मत असे की ज्या बाईच्या हाडांत ४ अंश मुळातच आहेत तिला ओढून १८० वर आणण्यासाठी आतले अस्थिबंध मोकळे करत बसण्यापेक्षा २ ते ३ अंशांचा व्हॅरस राहू द्यावा. मात्र मूळ ठेवणीच्या नावाखाली ६ किंवा ८ अंश ठेवणेही मला मान्य नाही, कारण आपल्याकडे अनेक रुग्णांचे हाड ठिसूळ असते आणि तिरक्या भाराखाली नव्या सांध्याचा नडगीतला भाग खचू शकतो. ही मर्यादा सर्जनशी आधी स्पष्ट बोलून घ्यावी. यंत्रमानवाच्या साहाय्याने शस्त्रक्रिया होणार असेल तर ठरवलेला कोन अधिक अचूक साधता येतो, पण कोणता कोन साधायचा हे सर्जनच ठरवतो.

डावा पाय सरळ झाल्यावर तो थोडा लांब होईल आणि पहिले काही महिने आईंना उजवा आखूड वाटेल. हे बहुतेकांत आपोआप निवळते, तेव्हा लगेच बुटात उंची घालू नये. उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया त्याच वेळी उरकून घेण्याचा सल्ला आपल्याला मिळाला आहे, पण १७५ अंशांचा, ज्यात झिजेचा वाटा जेमतेम १ अंश आहे, असा गुडघा केवळ दुसऱ्याला जोड म्हणून बदलण्याचे कारण मला दिसत नाही. त्याला व्यायाम द्या, वजन सांभाळा आणि वर्ष-दोन वर्षांनी त्याच पद्धतीने, वाटी समोर ठेवून, उभ्याने काढलेल्या लांब फिल्मवर पुन्हा मोजा. आताची फिल्म आणि तिच्यावरची मापे जपून ठेवा, म्हणजे तेव्हा तुलना करता येईल.